दर आधी, काम मागून

नवी इमारत उभी करणे आणि उभी असलेली इमारत राखणे ही दोन्ही कामे एकाच खात्याच्या एकाच दप्तरातून चालत असली, तरी त्यांचे स्वभाव मुळातच भिन्न आहेत, आणि हा भेद नीट उमगण्यात माझ्या नोकरीची पहिली कित्येक वर्षे गेली. नव्या इमारतीचा नकाशा ठरलेला असतो, तिच्या पायापासून गच्चीपर्यंतची सारी परिमाणे आधी काढता येतात, आणि तिला चार महिने विलंब झाला तर फार तर उद्घाटनाची तारीख पुढे जाते. दुरुस्तीची गोष्ट वेगळी. कोणत्या भिंतीत पाणी मुरेल, कोणत्या शाळेच्या संडासाची वाहिनी तुंबेल, कोणत्या चाळीचा जिना खचेल, हे वर्षारंभी कोणालाच सांगता येत नाही. आणि जे बिघडते ते मंजुरीची वाट पाहत जागच्या जागी थांबूनही राहत नाही. स्लॅबच्या पोटातील गज एकदा गंजू लागला की तो गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, आतून काँक्रीटला रेटा देतो, त्या रेट्याने तडा रुंदावतो, रुंद तड्यातून अधिक पाणी शिरते आणि अधिक पाण्याने गंज अधिक वाढतो. आज जिथे हातभर जागेचा गिलावा काढून गज घासून, रंगवून भागले असते, तिथे दोन पावसाळ्यांनंतर सबंध छज्जा पाडावा लागतो.

मी ज्या सार्वजनिक संस्थेच्या इमारत शाखेत नोकरी केली तिच्याकडे दवाखाने, शाळा, विश्रामगृहे आणि कर्मचाऱ्यांच्या चाळी अशा शेकडो वास्तूंची देखभाल होती, आणि मी रुजू झालो तेव्हा त्यांतील लहानातल्या लहान दुरुस्तीलाही मोठ्या बांधकामाचीच वाट तुडवावी लागे. तक्रार यायची, पाहणी व्हायची, अंदाजपत्रक बने, त्याला प्रशासकीय मान्यता आणि तिच्यामागून तांत्रिक मान्यता मिळे, निविदेची सूचना निघे, ठरल्या मुदतीनंतर लखोटे उघडले जात, दरांचा तुलनात्मक तक्ता तयार होई, बयाणा रकमेची रुजुवात होई आणि मग केव्हातरी कार्यादेश निघे. यातली एकही पायरी निरर्थक नव्हती, हे मी आजही आग्रहाने सांगेन. सरकारी पैसा कोणाच्या मर्जीने खर्च होऊ नये यासाठी अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडलेला तो शिरस्ता होता. परंतु जी खबरदारी लाखोंच्या इमल्यासाठी योग्य, ती पन्हळीच्या एका पत्र्यासाठीही जशीच्या तशी लावल्याने वैशाखात केलेली तक्रार मार्गी लागेपर्यंत भाद्रपद उजाडत असे, आणि कार्यादेश हाती घेऊन गेलेल्या मिस्त्रीला अंदाजपत्रकात लिहिलेले काम सापडतच नसे, कारण मधल्या काळात ते वाढून दुसरेच झालेले असे.

यावरचा उपाय म्हणून आमच्याकडे वार्षिक दरकराराची पद्धत सुरू झाली. तिचे तत्त्व अगदी साधे आहे. काम कोणते निघेल हे ठाऊक नसले, तरी दुरुस्तीत येणाऱ्या बाबी बहुतांशी ठाऊक असतात: जुना गिलावा काढणे, नवा करणे, फरशी बदलणे, नळ बसवणे, कौले शाकारणे, दाराच्या चौकटीचा कुजलेला पाय कापून जोड देणे. या प्रत्येक बाबीचा दर दरसूचीत छापलेला असतोच. तेव्हा विशिष्ट कामाची निविदा न मागवता, एका विभागात वर्षभरात निघतील त्या सर्व दुरुस्त्यांसाठी मक्तेदारांकडून केवळ एक आकडा मागवायचा: दरसूचीच्या दरापेक्षा किती टक्के जास्त वा किती टक्के कमी. स्पर्धा त्या एका टक्क्यावर, वर्षातून एकदाच आणि सर्वांसमक्ष. त्यानंतर काम निघेल तसे मोजमाप काढायचे, दरसूचीच्या दराने गुणायचे आणि बेरजेला तो टक्का लावायचा. दरसूचीप्रमाणे न्हाणीघराच्या दुरुस्तीची बेरीज ४०,००० रुपये आली आणि करारातील टक्का ६ जास्त असला, तर आदेश ४२,४०० रुपयांचा. त्यात घासाघीस नाही आणि पत्रव्यवहारही नाही.

ही युक्ती आपल्याकडे कोणी एका दिवसात शोधून काढलेली नव्हे. महाराष्ट्रात बी-१ या नावाने परिचित असलेला टक्केवारी निविदेचा नमुना बांधकामाच्या व्यवसायात मुरलेला आहेच. रेल्वेमध्ये लहान कामांसाठी व नित्याच्या दुरुस्तीसाठी विभागवार झोनल मक्ते देण्याची चाल आहे. लष्करी अभियंता सेवेतही दरसूचीवर टक्का बोलून घेतलेले मुदतबंद मक्ते असतात. आणि इंग्लंडातही मोजमापावर आधारलेल्या मुदती कराराचा स्वतंत्र नमुना आहे. पुढे वाचनात आले की, अमेरिकन सैन्यातील हॅरी मेलन नावाचा अधिकारी १९८०च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममधील नाटोच्या लष्करी मुख्यालयात अभियांत्रिकीचा कारभार पाहत असताना याच अडचणीत सापडला होता, आणि त्यानेही हजारो बाबींचे दरपुस्तक व त्यावर लावायचा एक गुणक असाच मार्ग काढला. तीच पद्धत पुढे अमेरिकेतील लष्करी तळांवर, नगरपालिकांत आणि विद्यापीठांत पसरली. इतक्या दूरच्या माणसाला इतक्या वेगळ्या कारभारात तेच उत्तर मिळाले, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण आमच्यातले काही ज्येष्ठ या पद्धतीकडे शिस्तीतून काढलेली पळवाट म्हणून पाहत असत. मला मात्र सारी वर्षे असेच दिसत आले की, दरकरार खबरदारी कमी करीत नाही, तिची जागा बदलतो. पूर्वी सारी दक्षता दर ठरवण्यात खर्च होई. आता दर आधीच ठरलेला असल्यामुळे ती सगळी कामाची व्याप्ती आणि मोजमाप यांवर आणावी लागते. हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांच्या हाती ही पद्धत सोन्यासारखी चालली. ज्यांच्या ध्यानात आले नाही त्यांनी तिची नालस्ती करून घेतली.

पद्धतीचा पहिला खरा प्रत्यय मला कोकणातील एका कौलारू प्रसूतिगृहात आला. छपराच्या दोन पाखी जिथे मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा झिजून चाळण झाला होता आणि त्याखालच्या रिपा बोटाने दाबल्या तरी भुसा व्हावा इतक्या कुजल्या होत्या. मृग लागायला थोडेच दिवस उरले होते. जुन्या शिरस्त्याने त्या पावसाळ्यात बाळंतिणींच्या खाटा ओल्या भिंतीपासून दूर ओढून ठेवण्यापलीकडे काही झाले नसते. दरकराराच्या मक्तेदाराचा मिस्त्री आणि मी शिडी लावून वर चढलो, आणि किती रिपा बदलायच्या, पत्रा किती लांब, कौले किती उतरवून पुन्हा चढवायची, फुटकी म्हणून किती नवी लागतील, हे त्याच्यादेखत वहीत उतरवून दोघांनी खाली सही केली. त्याच आठवड्यात आदेश निघाला आणि पाऊस सुरू होण्याआधी कौले पुन्हा बसली. तिथल्या परिचारिकाबाईंनी त्या पावसाळ्यात एकही तक्रार धाडली नाही. तक्रार न येणे ही आमच्या शाखेत पावतीच असते.

या प्रसंगातून जो धडा मी घेतला तो गतीचा नव्हता. गती तर उघडच दिसत होती. धडा होता त्या शिडीवरच्या संयुक्त पाहणीचा. दर ठरलेला असल्याने मक्तेदाराला आपल्याशी भांडण्याचे कारण उरलेले नसते, आणि म्हणून दुरुस्ती कशी करावी याबद्दल तो मोकळेपणाने बोलतो. त्या मिस्त्रीनेच मला दाखवून दिले की, पन्हळीचा पत्रा नुसता बदलून उपयोग नाही, तो दोन्ही बाजूंनी कौलांखाली अधिक आत सरकवायला हवा. निविदेच्या पद्धतीत हे तो बोललाच नसता, कारण तिथे अंदाजपत्रकात नसलेले प्रत्येक बोलणे ही वादाची नांदी असते.

गिलाव्याच्या कामात मात्र परीक्षा कठीण. भिंतीचा गिलावा वरून धड दिसतो आणि आतून सुटलेला असतो. किती काढायचा हे डोळ्यांना कळत नाही. कर्मचाऱ्यांच्या एका जुन्या चाळीत आम्ही एक रीत बसवली, ती मी पुढे कुठेही गेलो तरी सोडली नाही. कनिष्ठ अभियंत्याने लाकडी हातोडीने भिंत ठोकत जायचे. जिथे टणक आवाज येईल तिथे पुढे सरकायचे, जिथे भद्द आवाज येईल तिथल्या पोकळ भागाभोवती मक्तेदाराच्या माणसाने गेरूने रेघ ओढायची. रेघेच्या आतले लांबी-रुंदीचे माप तिथेच मोजमाप पुस्तिकेत चढवायचे, छायाचित्र घ्यायचे आणि मगच छिन्नी लावू द्यायची. तोडताना रेघेबाहेरचाही काही भाग सुटून येतो, ते स्वाभाविक आहे. त्यासाठी काम थांबवून दुसऱ्यांदा दोघांनी माप घ्यायचे, आणि ते नव्या गिलाव्याचा पहिला हात चढण्यापूर्वीच. बाहेरच्या बाजूचा २० मिलिमीटर जाडीचा गिलावा दोन थरांत करायचा असतो. पहिला थर ओला असताना कोणी पाहिला नाही, तर दुसरा चढल्यावर तो झाला होता की नाही हे कोणताही लेखापरीक्षक सांगू शकत नाही. म्हणून झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्याआधी मोजायचे हा दंडक मी माझ्या हाताखालच्यांना ताकीद देऊन पाळायला लावला. मोजमाप पुस्तिकेची पाने छापील क्रमांकाची असतात, तिच्यात खाडाखोड चालत नाही, चुकलेला आकडा एका रेघेने कापून शेजारी सही करावी लागते. या जुन्या नियमांचा तरुण मंडळींना कंटाळा येत असे. पण दरकराराच्या व्यवहारात देयक उभे राहते ते त्या एका पुस्तिकेवर, आणि तिचे महत्त्व त्यांच्या मनावर ठसवण्यात मी कधी कसूर केली नाही.

मक्तेदाराच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसतो, हे मला एका वयस्क मक्तेदाराने समजावले. एका वर्षी दरसूचीपेक्षा पुष्कळच कमी टक्का बोलून एका नवख्याने मक्ता घेतला, आणि कार्यालयात समाधान पसरले की, खात्याचे पैसे वाचले. हे वयस्क गृहस्थ निविदा उघडल्यानंतर मला शांतपणे म्हणाले, “साहेब, दरसूचीचा दर गवंडी दिवसभर एका जागी काम करील या हिशेबाने धरलेला आहे. तुमच्या दुरुस्तीत त्याला अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस वाट. पहाड बांधायचा तेवढाच, राडारोडा वाहायचा तेवढाच, टेम्पोचे भाडे तेवढेच. या टक्क्यात तो मोठी कामे करील, लहान करणार नाही.” घडलेही तसेच. रंगकामाचे मोठे आदेश त्या मक्तेदाराने तत्परतेने उचलले. एका शाळेतील तुटलेल्या पायरीचा आणि दवाखान्यातील गळक्या टाकीचा आदेश मात्र तगाद्यांवर तगादे जाऊनही त्याच्या खिशातच राहिला. दंडाची नोटीस निघाली, त्याची कैफियत आली, आणि या कागदी लढाईत मुले त्या तुटक्या पायरीवरूनच चढत-उतरत राहिली.

पुढच्या वर्षी आम्ही करारातच फेरफार केले. अगदी लहान आदेशासाठी किमान रक्कम ठरवली, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या कामालाही मक्तेदाराची गैरसोय भरून निघेल एवढे त्याला मिळावे. तातडीच्या कामाला किती तासांत माणूस पोहोचला पाहिजे आणि साध्या कामाला किती दिवसांत, हे वेगवेगळे लिहिले. कोणताही आदेश नाकारण्याची मुभा काढून घेतली. आणि सर्वांत उपयोगी ठरले ते एका विभागात एकाऐवजी दोन मक्तेदार नेमणे: एकाने टाळाटाळ केली तर पुढचे आदेश दुसऱ्याकडे वळतील, एवढी जाणीवच बहुतेक वेळा पुरेशी होई. अवास्तव कमी टक्का बोलणाऱ्याकडून वाढीव अनामत घेण्याची तरतूदही केली. तिला सुरुवातीस बराच विरोध झाला. पण स्वस्त दर आणि स्वस्त काम यांतले अंतर ज्यांनी ती पायरी पाहिली त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

दरसूचीबाह्य बाबींचे प्रकरण थोडक्यात सांगतो. कितीही विस्तृत दरसूची केली तरी जुन्या इमारतीत तिच्यात न बसणारे काही ना काही निघतेच: नक्षीदार लाकडी कठडा, बंद पडलेल्या साच्यातील फरशी, एखादे विदेशी बनावटीचे कुलूप. अशा बाबीसाठी साहित्य, मजुरी आणि वाहतूक यांचे पृथक्करण करून नवा दर बांधावा लागतो, आणि नेमके तिथेच दरकराराच्या तटबंदीला खिंडार पडते, कारण तो दर स्पर्धेतून आलेला नसतो. मी दोन पथ्ये पाळली. एकूण आदेशात अशा बाबींचा हिस्सा अल्प असेल तरच त्या दरकरारात घ्यायच्या. आणि तीच बाब पुनःपुन्हा येऊ लागली तर पुढच्या वर्षीच्या सूचीत तिला रीतसर स्थान द्यायचे.

याहून मोठा धोका तुकडे पाडण्याचा. प्रत्येक आदेशाला रकमेची मर्यादा असते आणि ती असलीच पाहिजे. त्या मर्यादेवरचे काम स्वतंत्र निविदेनेच व्हायचे. पण पद्धत सोयीची दिसली की, तिच्यात न मावणारे काम कापून मावते करण्याचा मोह होतो. एकदा एका विश्रामगृहाचे सबंध छप्पर बदलण्याची गरज निर्माण झाली, आणि पूर्वेची पाख, पश्चिमेची पाख, ओसरी, स्वयंपाकघर असे निरनिराळे आदेश काढण्याचा प्रस्ताव माझ्या मेजावर आला. कुणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पाहुणे यायचे होते आणि घाई होती. मी तो प्रस्ताव परत पाठवला आणि स्वतंत्र अंदाजपत्रकाचा हुकूम दिला. त्याबद्दल काही काळ नाराजी सोसावी लागली. परंतु छप्पर बदलणे ही दुरुस्ती नव्हे, तिला नकाशा लागतो, कैच्यांची तपासणी लागते, खुली स्पर्धा लागते. आणि जी सवलत लोकांनी गळक्या नळासाठी दिली ती एवढ्या मोठ्या कामासाठी वापरणे हा त्या विश्वासाचा अपहार आहे, असे माझे ठाम मत होते व आहे. त्याच सुमारास मी आदेशांच्या नोंदवहीत एक नवा रकाना वाढवला: हे काम आत्ताच का. कनिष्ठांना तो जाचक वाटे. पुढे लेखापरीक्षणाला आलेल्या एका साक्षेपी अधिकाऱ्याने सारी नोंदवही चाळून केवळ त्या रकान्यावरून कित्येक आक्षेप बसल्या बैठकीत निकालात काढले, तेव्हा तो रकाना इतर कार्यालयांनीही उचलला.

आता एका अशा बदलाविषयी लिहितो ज्याला एक पैचाही खर्च आला नाही. आमचे दरकरार प्रारंभी आर्थिक वर्षाला धरून, एप्रिल ते मार्च, असे होत. कागदावर हे सुटसुटीत दिसे. प्रत्यक्षात ३१ मार्चला जुना करार संपे, नव्याची निविदा अनुदानाचा अंदाज हाती आल्यावर निघे, ती स्थिरस्थावर होईतो जून उगवे. म्हणजे गच्च्यांचा कोबा, पन्हळी, पर्जन्यवाहिन्या आणि कौले यांची डागडुजी ज्या चैत्र-वैशाखात व्हायला हवी, नेमक्या त्याच काळात आमच्या हाती कोणताही मक्तेदार नसे. वर्षानुवर्षे सारे जण याला मनुष्यबळाचा अभाव, निधीचा अभाव, अशी नावे देत होते. रेल्वेतील एका परिचिताकडे त्यांच्या झोनल मक्त्याचा कागद पाहण्यात आला, त्याची मुदत १ जुलै ते ३० जून अशी होती. मी तो कागद घेऊन कितीतरी वेळ बसलो. त्या मुदतीत पावसाळ्यापूर्वीची कामे करारवर्षाच्या अखेरीस येतात. तोवर मक्तेदाराला प्रत्येक इमारत परिचयाची झालेली असते, त्याच्या मिस्त्रीला कोणती खोली कुठे गळते हे तोंडपाठ असते, आणि निविदेची धांदल बांधकामाची कामे थंडावतात त्या भर पावसात उरकते. आम्ही आमची मुदत तशीच फिरवली. मान्यतेसाठी युक्तिवाद बराच करावा लागला, कारण लेखाशाखेला दोन आर्थिक वर्षांत विभागलेला करार अडचणीचा वाटत होता. शेवटी प्रत्येक आदेश ज्या वर्षी निघेल त्या वर्षीच्या अनुदानातून भागवायचा, असे ठरून प्रश्न मिटला. त्यानंतरच्या पावसाळ्यात गळतीच्या तक्रारी घटल्या, आणि ज्या आल्या त्यांना उत्तर द्यायला माणूस जागेवर होता.

शेवटचा विषय देयकांचा, आणि माझ्या मते या साऱ्या पद्धतीचे मर्म तिथेच आहे. दुरुस्तीचा मक्तेदार मोठ्या भांडवलाचा नसतो. शनिवारी त्याला गवंड्यांचा आणि बिगाऱ्यांचा पगार चुकवायचा असतो, सिमेंटवाल्याची उधारी फेडायची असते. पन्नास लहान आदेशांची पन्नास देयके जर प्रत्येकी निरनिराळ्या मेजांवर अडकून मार्च अखेरीस एकदम निघणार असतील, तर तो पुढच्या निविदेत त्या विलंबाचे व्याज टक्क्यात मिळवूनच बोलतो, किंवा रेती अधिक आणि सिमेंट कमी घालून ते भरून काढतो; आणि दोन्ही बाबतींत तोटा इमारतीचाच होतो. म्हणून आम्ही महिन्यातील सर्व पूर्ण आदेशांचे मिळून एकच देयक करण्याची वहिवाट पाडली. कनिष्ठ अभियंत्याने महिनाअखेर मोजमापे पुरी करायची, उपअभियंत्याने त्यातील निवडक मापे स्वतः जागेवर जाऊन पडताळायची, आणि पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत रक्कम चुकती करायची. दोषदायित्वाच्या काळासाठी काही अनामत राखून ठेवायची, म्हणजे पुन्हा गळले तर त्याने पुन्हा यावे. ज्या विभागांत ही शिस्त टिकली तिथे पुढच्या निविदेला अधिक मक्तेदार आले, बोललेला टक्का उतरला, आणि तो वयस्क मक्तेदार, ज्याने पूर्वी आमच्याकडे निविदा भरणेच सोडून दिले होते, तो आपल्या दोन्ही मिस्त्र्यांना घेऊन पुन्हा बयाणा भरायला आला.